तळं सुंदर दिसत होतं

३ ऑगस्ट

आज गाडीचं बारसं झालं. ही नवी वही याच दिवसासाठी कपाटात जपून ठेवली होती. चौतीस वर्षं शाळेच्या वह्या तपासल्या, आता ही माझी स्वतःची.

सकाळी सातला पुनोहून निघालो. मी, माझी बायको साबिना आणि पुढे माझ्या शेजारी एल्मर तिकोना. एल्मर हुलियाकाच्या शोरूममध्ये विक्रेता आहे. गाडी त्यानेच विकली आणि धर्मबापही तोच झाला. माणसाच्या पोराला लागतो तसा गाडीलाही धर्मबाप लागतो, आणि तो चारचौघांत ओळख असलेला असावा. आजपासून आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणायचं. वयाने माझ्या मुलासारखा आहे, पण नातं ते नातं. ते एकदा जोडलं की त्या माणसाविरुद्ध तोंड उघडायचं नसतं.

देवीच्या चढावर पाच मिनिटं थांबलो. तळं सुंदर दिसत होतं.

वर देवळापाशी वीस-पंचवीस गाड्या आमच्या आधी हजर. सगळ्यांना फुलांच्या माळा, रंगीत कागद. तळ्याकाठचा जुना लव्हाळा गावोगाव पेटवलाय, ऑगस्टात पेटवतातच, त्या धुराने पाद्रीबाबांना ठसका लागला आणि तीर्थ गाडीपेक्षा माझ्या टोपीवरच जास्त पडलं. मग धरणीमायेचा मान. या महिन्यात तिचं तोंड उघडं असतं, तिला आधी पाजल्याशिवाय नवं काम सुरू करू नये. एल्मरने बॉनेट उघडलं, बिअरची बाटली हलवली आणि म्हणाला, "हिच्या काळजालाही दोन घोट पाजू, कोम्पाद्रे." फेस इंजिनावर सांडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी बाटली त्याने माझ्या हातात दिली, ओतायला लावली आणि फोटो काढला.

साबिना देवळापाशी गाडीपासून लांबच उभी होती. गाडीचे पैसे पुरे पडेनात तेव्हा तिने बाजारातला चीज आणि सुक्या बटाट्यांचा गाळा विकला, सव्वीस वर्षांचा. मीच म्हणालो होतो, दारात टॅक्सी आली की गाळा कशाला हवा. गाळा घेणारी बाई मनाने चांगली आहे. पुढच्या वर्षीच्या कार्निवलपर्यंत मन बदललं तर त्याच किमतीत परत देईन म्हणालीय. कशाला बदलेल.

८ ऑगस्ट

पुनो-हुलियाका मार्गावर पहिला दिवस. पाच प्रवासी. दोन खेपा झकास झाल्या. तिसऱ्या खेपेला भर रस्त्यात इंजिन गप्प. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेकवर मी उभाच राहिलो म्हणा ना. मागून ट्रक येत होता. एका म्हाताऱ्या आज्जीने माझी मान धरली आणि सेंट मार्टिनचा धावा सुरू केला. कडेला लागलो. वीस मिनिटांनी गाडी काहीच न झाल्यागत सुरू.

घरी सांगितलं तर साबिना म्हणाली, "परत?"

परत काय परत? पहिल्यांदाच बंद पडली, असं मी तिला बजावलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सूप ढवळत बसली.

१९ ऑगस्ट

चार वेळा बंद पडली. आधी बॅटरी बदलली, मग कसलासा सेन्सर. गाडी वर्कशॉपमध्ये शहाण्यासारखी वागते आणि रस्त्यावर आली की अंगात येतं. आज एका प्रवाशाने पैसे तर दिले नाहीतच, वर म्हणाला, गुरुजी, पोरं मारून झाली, आता मोठ्यांच्या मागे लागलात का. मी त्याच्या बापाला शिकवलंय. बापही असाच होता.

दुकानात भिंतीवर तक्रारवही टांगलेली असते, कायदाच आहे. तीत लिहितो म्हणालो तर एल्मरने हात धरला. वहीत लिहिलं की वरपर्यंत जातं, मग माणसं हट्टाला पेटतात. मी आतून करतो, तुम्ही माझ्यावर सोडा. सोडलं. घरच्या माणसावर सोडायचं नाही तर कुणावर?

१४ सप्टेंबर

एल्मरचं "आतून" महिनाभर चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. आज सरळ शोरूमला गेलो आणि तक्रारवही मागितली. काउंटरवरच्या मुलीने असं पाहिलं की जणू मी तिची किडनी मागतोय. तक्रारीसाठी सहा ओळी. सहा ओळींत काय होतं? समासात लिहिलं, पाठीमागे लिहिलं, तारखा घातल्या, परिच्छेद पाडले. ती म्हणाली, आजोबा, एवढं कुणी वाचत नाही. मी म्हटलं, बाळे, वाचत नाहीत म्हणूनच देशाची ही गत आहे.

गाडी आता दारातच उभी असते. साबिनाने सकाळी पोतं उचललं आणि बाजाराबाहेरच्या फुटपाथवर जाऊन बसली. सुके बटाटे पसरून. आपल्याच जुन्या गाळ्यासमोर. मी म्हणालो, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोक म्हणतील, बटाटे कितीला."

१ ऑक्टोबर

कंपनीचं पत्र आलं. छान कागद, गुळगुळीत भाषा. इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक पेटीत द्रव पदार्थ गेल्याचे डाग आढळले. सोबत पुरावा म्हणून छायाचित्र: बॉनेट उघडं, आणि बाटली घेऊन ओतणारा मी. टोपी वाकडी, तोंड उघडं. ग्राहकाने केलेल्या नुकसानीला हमी लागू नाही.

हा फोटो एल्मरनेच काढलेला. आमच्या घरात, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर तोच टांगलाय, सोनेरी चौकटीत, धर्मबापाची भेट म्हणून. त्याला फोन केला. बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, त्यांनी माझ्या फोनमधून घेतला, कोम्पाद्रे, मी नोकर माणूस, काय करणार. त्याचाही नाइलाज आहे.

या अख्ख्या डोंगराळ मुलखात बिअर न प्यालेली एक तरी गाडी दाखवा म्हणावं. सगळ्यांच्या पेट्या सडल्या का?

४ ऑक्टोबर

वकील शोधत हिंडलो. कोर्टासमोरच्या गल्लीत दारादारावर पाट्या: घटस्फोट, जमिनी, पोटगी, अपघात. पहिल्याने बोटातली अंगठी फिरवत आधी अर्धी फी मागितली. मग विचारलं, गाडी बंद पडली तेव्हा कुणाला लागलं का? नाही म्हटलं. तो म्हणाला, आठवून बघा, मानेला वगैरे. दुखण्याशिवाय केसला वजन येत नाही, मानेचा दाखला मी मिळवून देतो. मी उठलो. म्हणालो, महाशय, मी आयुष्यात कागदावर खोटं लिहिलेलं नाही. तो म्हणाला, मग गाड्या कशाला घेता?

दुसरी वकील बाई जेवत होती. जेवता जेवताच म्हणाली, त्या कंपनीविरुद्ध मी घेत नाही, माझी गाडी त्यांचीच आहे. ती तरी चालते का, असं विचारणार होतो. तिसरा चांगला वाटला, सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. शेवटी कळलं की तो वकील नाही, टायपिस्ट आहे आणि वकील दुपारी येतो.

घरी आलो तेव्हा साबिना पाय गरम पाण्यात घालून बसली होती. फुटपाथचा गारठा हाडात जातो म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सांगितलं इतकंच. माझा मात्र जीव जळला.

९ ऑक्टोबर

मिळाली! विद्यापीठाचं मोफत कायदा-मदत केंद्र, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. टेबलामागे बसलेली वकील उठून उभीच राहिली. "गुरुजी, मी नोएमी पिल्को. चौथीत होते तुमच्याकडे." मला चेहरा आठवेना, इतकी पोरं हाताखालून गेली. पण छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

तिने एकच प्रश्न धरून ठेवला. बिअरच्या आधी गाडी कधी बंद पडली होती का?

आता इथे लिहायलाच हवं. हो. पडली होती. बारशाच्या दिवशीच, देवीच्या चढावर, बिअरचा थेंबही ओतायच्या आधी. एल्मर म्हणाला होता, नवी नवरी आहे, लाजतेय. तेवीस मिनिटांनी सुरू झाली. साबिनाने घड्याळ पाहिलं होतं.

नोएमी म्हणाली, मग जिंकलो. आधीपासून दोष होता एवढंच दाखवायचंय. लिहिलंय कुठे? मी म्हणालो, दैनंदिनी ठेवतो. तिचे डोळे चमकले. म्हणाली, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना गुरुजी, झालं ते लिहावं, हवं ते लिहू नये.

वही पिशवीतच होती. तिने ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मी समजावलं की बारशाच्या दिवशी मुलाचं वाईट बोलू नये, लिहू तर नयेच. लिहिलं की ते कायमचं चिकटतं. आणि थांबलो असं लिहिलंय की, शहाण्याला शब्दाचा मार.

ती म्हणाली, "मला कळतं, मी इथलीच आहे. त्यांचा वकील लिमाचा आहे."

बाकीच्या बिघाडांच्या नोंदी वहीत आहेत, तारखांसकट, म्हणून ग्राहक कचेरीतल्या तक्रारीला आजवरच्या पानांची झेरॉक्स जोडावीच लागेल असं ठरलं. त्या एका ओळीचं काय, तर एल्मर गाडीतच होता. तो सांगेल. पान फाडू का, असं मी विचारलं नाही. तिने वही उचलली आणि खाली झेरॉक्सच्या दुकानात गेली.

२० ऑक्टोबर

एल्मर आला, फळांची परडी घेऊन. साबिनाने पपई उलटीसुलटी करून पाहिली आणि आत गेली. बायकांना माणसं ओळखता येत नाहीत.

मी सरळच विचारलं. तो म्हणाला, "कोम्पाद्रे, मी त्या देवळात पाद्रीसमोर उभा होतो. जे झालं तेच सांगेन." गळ्यातला क्रॉस धरून बोलला. मग म्हणाला, तुमचं-माझं जुळायला हवं, नाहीतर तो लिमावाला फटी शोधेल. तुम्ही काय लिहिलंय त्या दिवसाचं?

वाचून दाखवलं. गाडी थांबल्याचं वाक्य ऐकून तो हसला. म्हणाला, गुरुजींची भाषा ती गुरुजींची भाषा. परत वाचा ना. मी परत वाचलं. भाषेची जाण असलेला पोरगा आहे. नोकरीत वाया चाललाय.

जाताना साबिनाशी हात मिळवायला वाकला तर ती बटाटे निवडत होती, हात रिकामे नव्हते.

१० नोव्हेंबर

एल्मरला शाखेचा प्रमुख केलं असं ऐकलं. बरं झालं. सुनावणीत त्याच्या शब्दाला वजन येईल. साबिनाला सांगितलं तर म्हणाली, "मास्तर, तुम्हाला गणित कुणी शिकवलं?" रागात असली की मला मास्तर म्हणते.

२७ नोव्हेंबर

सुनावणी झाली. बसमधून उतरल्या उतरल्या लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडलं.

ग्राहक कचेरीची लहानशी खोली, टेबलाच्या त्या बाजूला अधिकारी बाई, शांत, सर्दी झालेली. लिमाचा वकील तरुण, अदबशीर, मला सतत "सर" म्हणत होता.

आधी साबिनाला विचारलं. ती चांगली शाल पांघरून, टोपी घालून आली होती. म्हणाली, चढावर बंद पडली, तेवीस मिनिटं, मी घड्याळ बघत होते, थंडी वाजत होती. एवढंच. एक शब्द जास्त नाही.

मग त्या वकिलाने माझ्या वहीची प्रत उघडली. खूण घालूनच आणली होती. मला म्हणाला, सर, हे अक्षर तुमचं? सुरेख आहे. मग मोठ्याने वाचलं. पाच मिनिटं थांबलो. तळं सुंदर दिसत होतं. बाईंकडे वळून म्हणाला, तक्रारदार चौतीस वर्षं शिक्षक होते, ते मिनिटंही मोजतात. मग बाईसाहेबांची तेवीस मिनिटं कुठून आली? दोघांपैकी एकाचं खरं असेल.

मी सांगितलं सगळं. बारसं, वाईट न बोलणं, धरणीमाय. बोलताना मलाच ते पोराने गृहपाठ न केल्याच्या कारणासारखं ऐकू येत होतं. अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि लिहून घेतलं.

शेवटी एल्मर. नवा कोट. माझ्याकडे पाहिलंच नाही. नोएमीने विचारलं, चढावर काय झालं?

"पाच मिनिटं थांबलो. तळं सुंदर दिसत होतं."

एक काना-मात्रा बदलली नाही. माझंच वाक्य, माझ्याच तालात, मी शिकवलेल्या पोराने फळ्यासमोर म्हणावं तसं. कुंपणानेच शेत खाल्लं. आणि त्या कुंपणाला मी दोनदा वाचून दाखवलं होतं.

बसमध्ये साबिना खिडकीशी बसली. मी म्हणालो, बघितलंस कसा नीच निघाला. ती म्हणाली, "त्याने मला खोटं पाडलं नाही. त्याच्याआधी तुमच्या वहीने पाडलं."

१६ डिसेंबर

निकाल. तक्रार फेटाळली. द्रव पदार्थाच्या आधी बिघाड असल्याचं सिद्ध झालं नाही. पंधरा कामाच्या दिवसांत अपील करता येईल.

१८ डिसेंबर

जेवताना साबिनाने भिंतीवरची चौकट उतरवली आणि माझ्या ताटाशेजारी उभी केली. मला वाटलं आता फोडणार. तर म्हणाली, "यात तळं दाखवा."

पाहिलं. मी, बाटली, गाडी, माळा. मागे सगळं राखाडी. लव्हाळ्याचा धूर. देवळाचा घंटेचा मनोरासुद्धा अर्धा गायब. तळं सोडा, तळ्याकडचा कठडादेखील दिसत नाही. चढावर तर आणखी दाट होता, आता आठवतं, मी दिवे लावले होते. त्या दिवशी तळं कुणालाच दिसलं नाही.

चौकट घेऊन धावत नोएमीकडे गेलो. तिने फाइलमधली प्रत काढली. काळी-पांढरी झेरॉक्स, तिच्यात मागचं सगळं नुसतं पांढरं, उजेड असावा तसं. तिने रंगीत फोटो कितीतरी वेळ धरून ठेवला. म्हणाली, त्यांचाच फोटो, त्यांच्याच माणसाने काढलेला. धुरात तळं बघत कोण थांबतं? एल्मर खोटं बोलला हे यातच दिसतं. बस, एक कागद हवा. तुमच्या हाताने, तुमच्या सहीने: ३ ऑगस्टला मी दैनंदिनीत खोटं लिहिलं, गाडी बंद पडली होती. तुम्ही ते म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पडत नाही, कारण ते तुमचंच आहे.

जिंकलो, गाडीचे पैसे आले की गाळा परत घेऊ, असं म्हणत घरी आलो. साबिनाने खूप दिवसांनी तळलेली मासळी केली.

२३ डिसेंबर

कागद लिहून नेला. "शुभप्रसंगीच्या प्रथेस अनुसरून सदर थांब्याची नोंद सौम्य शब्दांत करण्यात आली." नोएमीने वाचलं आणि विचारलं, गुरुजी, यात खोटं हा शब्द कुठे आहे?

मी म्हणालो, अर्थ तोच होतो. ती म्हणाली, लिमाच्या वकिलाला तुमच्या अर्थाशी काही देणंघेणं नाही, साधं लिहा, एक ओळ.

मला हे पटलेलं नाही. एकदा खोटं लिहिलं असं म्हटलं की बाकीच्या तारखाही खोट्या ठरवतील. हा कायद्याचा मुद्दा आहे. मुलगी अजून कच्ची आहे.

३ जानेवारी

दुसरा मसुदा. "स्मृतिदोषामुळे." नोएमीने परत दिला. जरा चढलाच माझा आवाज. म्हणालो, या गावातल्या निम्म्या लोकांना मी सही करायला शिकवलं, त्यांच्यासमोर माझ्या सहीने मी लबाड आहे असं लिहून देऊ? हा कागद कचेरीच्या फळ्यावर लागतो. एल्मर त्याच्या मोबाइलवर सगळ्यांना पाठवेल.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, चौथीत असताना मी निबंधात लिहिलं होतं की सुटीत आम्ही लिमाला समुद्र बघायला गेलो. आम्ही कुठेच गेलो नव्हतो. तुम्ही मला वर्गासमोर उभं केलंत आणि तीन वेळा म्हणायला लावलं, मी खोटं लिहिलं.

मला खरंच आठवत नाही. मी म्हणालो, तू लहान होतीस, नऊ वर्षांची, लहानपणी ते शोभतं.

"मी म्हटलं होतं, गुरुजी," ती म्हणाली. "मेले नाही."

टोपी घातली आणि निघालो. लहानपणीचं मनात धरून बसतात, हाच तर आपल्या लोकांचा दोष.

८ जानेवारी

अपिलाचा शेवटचा दिवस. साबिनाने सकाळी पोळ्यांसारख्या पातळ भाकऱ्या बांधून दिल्या, बसचे पैसे टेबलावर ठेवले, पेनही ठेवलं. म्हणाली, पाचला कचेरी बंद होते. आणि पोतं घेऊन गेली.

नऊ वाजता बसलो. "३ ऑगस्ट रोजी मी माझ्या दैनंदिनीत" इथवर आलो. पुढचा शब्द काही केल्या अक्षरात उतरेना. कागद खराब झाला, दुसरा घेतला. तारीख लिहिताना शाई सांडली, तिसरा घेतला. मग वाटलं की एल्मरच्याच मनाला टोचेल, माणूसच आहे, आपणहून येऊन सांगेल. दार उघडं ठेवलं होतं. साडेचारला बाहेर पाहिलं तर गाडीच्या टपावर कोंबडी बसली होती.

आता सव्वापाच झाले. साबिना येईल. तिला सांगेन की कायद्याचा मुद्दा होता.

९ जानेवारी

सांगितलं. ती म्हणाली, "बरं." पेन उचलून फडताळात ठेवलं.

कार्निवलचा मंगळवार

आज सगळ्या गावाने गाड्यांना कागदी माळा घातल्यात, गल्लीगल्लीत बिअरचा फेस उडतोय. गाळ्याची मुदत काल संपली. त्या चांगल्या बाईने आत नवं फडताळ बसवून घेतलंय. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, असं साबिना परवा हसत म्हणाली. हसली म्हणून बरं वाटलं, मग लक्षात आलं की ती शेजारणीला सांगत होती.

मोडीचा व्यापारी हुलियाकाहून आला. जाडा, बोलका, दंडावर तेलाचे डाग, केसांत कार्निवलात उधळलेलं पीठ. गाडीभोवती फिरला, दार उघडलं, मिटलं, कोंबडी हाकलली. चारचाकी तशीच्या तशी, कातडी आसनंसुद्धा न मळलेली, कशाला मोडीत घालता म्हणाला. बंद पडते, मी म्हणालो. कुठेही. भर रस्त्यात.

त्याने भाव सांगितला. गाळ्याच्या पावकिमतीचाही नव्हता. मी मान डोलावली. तो ओढायची साखळी लावत होता, बोलत बोलत, जसं कुणीही विचारेल तसं त्याने विचारलं की पहिल्यांदा कधी बंद पडली.

"पहिल्याच दिवशी," मी म्हणालो. "३ ऑगस्ट. देवीच्या चढावर, बारशाच्या आधी. तेवीस मिनिटं. धूर होता, काहीसुद्धा दिसत नव्हतं."

एका दमात आलं. आकाश कोसळलं नाही. साबिना उंबऱ्यात सुके बटाटे पोत्यात भरत होती, तिचा हात थांबला.

व्यापाऱ्याने साखळी ओढून पाहिली, हात पँटला पुसले.

"मग तेव्हाच कुठेतरी लिहून ठेवायचं होतंत ना, गुरुजी," तो म्हणाला. "तुम्ही तर शिकलेली माणसं."